पर्सचं वय चेनला विचारा

(या वेळची पत्रं जुन्या भरतकामाच्या पर्स, बटवे आणि पिशव्यांबद्दलची.)

प्रश्न : ताई, माझ्या आजीची काळ्या मखमलीची पर्स माझ्याकडे आहे. वर सोनेरी जरीची वेलबुट्टी, धरायला बारीक साखळी, आत पांढरं साटीन. आजीचं लग्न १९३८ सालचं, आणि पर्स तिच्या रुखवतातली असं घरात सगळे सांगतात. आतल्या खिशावर लेबल आहे. त्यावर इंग्रजीत 'मेड इन इंडिया', खाली दुकानाचं पुसट नाव आणि 'बॉम्बे १'. जर खरी आहे का? पर्स किती जुनी? फोटो जोडले आहेत. — एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आतले फोटो पाठवलेत याबद्दल तुमचे आभार. बहुतेक लोक वरच्या फुलांचेच दहा फोटो पाठवतात. फुलांवरून वय सांगणं कठीण असतं, कारण तीच वेल आणि तोच मोर कारागीर पिढ्यान्‌पिढ्या भरत आले आहेत. वय कळतं ते शिंप्याने आत काय घातलंय त्यावरून.

तुमच्या चौथ्या फोटोत खिशाची चेन दिसते. तिचे दाते नायलॉनचे आहेत. १९३८ साली पर्सला चेन असलीच तर दाते धातूचे असत. नायलॉनची चेन सर्रास दिसायला लागली ती साठच्या दशकात. आता तुम्ही म्हणाल, चेन मागाहून बदलली असेल. शंका रास्त आहे, मीही आधी तेच तपासते. चेन बदलली की जुन्या शिवणीची भोकं साटीनमध्ये तशीच राहतात. तुमच्याकडे शिवणीची एकच ओळ आहे आणि दोरा अस्तराच्या बाकीच्या शिवणीचाच आहे. म्हणजे चेन पहिल्यापासूनची, आणि पर्स तिच्याहून जुनी असू शकत नाही.

दुसरी बाजू लेबल सांगतं. 'बॉम्बे १' आहे, पण पिनकोड नाही. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. दुकानदार जुनी लेबलं संपेपर्यंत लावतो, म्हणून दोन-तीन वर्षं वर धरू. माझा अंदाज १९६० ते १९७५. इंग्रजी 'मेड इन इंडिया'ही त्याच्याशी जुळतं. अशा काळ्या मखमलीच्या जरदोसी पर्स स्वातंत्र्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत परदेशी पाठवायला आणि परदेशी गिऱ्हाइकांसाठी पुष्कळ तयार झाल्या.

तेव्हा रुखवत राहिलं बाजूला. घरात सांगताना जरा जपून सांगा. कोणी खोटं बोललेलं नसतं. रुखवतातला बटवा वेगळाच असेल आणि पुढे कधीतरी दोन्ही वस्तूंची गोष्ट एक झाली असेल. आमच्या सासूबाईंची एक शाल अशीच तीन जणींच्या लग्नांत सांगितली जाते.

आता जर. एखादं सुटलेलं टोक भिंगाखाली बघा. दोऱ्यावर चपटी तार गुंडाळलेली असेल तर ते कलाबतू. आत दोराच नसेल, स्प्रिंगसारखी नुसती वेटोळी असेल, तर तो डबका. त्याचे बारीक तुकडे करून मण्यांसारखे ओवतात. चांदीची जर जुनी झाली की काळपट पडते. तांब्याची लालसर दिसायला लागते, कुठे कुठे हिरवट. प्लॅस्टिकची जर चकाकतच राहते, पण तिचा पापुद्रा सुटतो. तुमची कोपऱ्यांत लालसर झाली आहे, म्हणजे तांब्यावरची. म्हणून ती कमअस्सल ठरत नाही. मखमलीवरचं काम हातचं आहे आणि सुबक आहे. खात्री करायला काडी लावून जाळून मात्र बघू नका, आणि सराफाकडे घासायलाही नेऊ नका.

प्रश्न : आमच्याकडे गुलाबांची एक छोटी पर्स आहे, टाके इतके बारीक की छापील वाटते. पितळी चाप, आत 'मेड इन ऑस्ट्रिया'. हातची की मशीनची? — एक वाचक, कॅम्प

उत्तर : व्हिएन्नाची ही खासियत. बारीक जाळीच्या कापडावर तिरका अर्धा टाका घेत अख्खं चित्र भरतात. पट्टी ठेवून एका इंचात किती टाके येतात ते मोजा, मग भिंगातून गुलाबाच्या कडेला बघा. हातच्या कामात कुठेतरी टाका किंचित तिरपा जातो, एखाद्या पानात रंगाचा दोरा संपून दुसरी छटा येते. छापील असेल तर रंग विणीची पर्वा न करता टाक्याच्या मधूनच बदलतो. अस्तर उसवून उलटी बाजू बघायचा मोह होईल, तो आवरा.

सालाबद्दल एक गंमत. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला आणि १९४५ पर्यंत त्या नावाचा देशच नकाशावर नव्हता. म्हणजे तुमची पर्स एकतर त्याआधीची किंवा युद्धानंतरची. कोणाच्या परदेशवारीतून आली ते आठवलं तर अर्धं काम होईल.

प्रश्न : रविवारी जुन्या बाजारात आरशांची कच्छी पिशवी घेतली. विकणारा म्हणाला, शंभर वर्षांची. खरं असेल का? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : भरतकाम जुनं असेल, पिशवी नाही. जीर्ण चोळ्या, तोरणं, घागरे कापून त्यांच्या पिशव्या शिवण्याचा धंदा मोठा आहे. तुमच्या फोटोत एक फूल शिवणीत अर्धं कापलं गेलंय. पिशवीसाठीच भरलं असतं तर कारागिराने ते मधे बसवलं असतं. आरसे मात्र बघण्यासारखे आहेत. जुनी आभला, म्हणजे भरतकामातले हे छोटे आरसे, फुंकलेल्या काचेच्या गोळ्यातून कापत, म्हणून ती किंचित फुगीर आणि वेडीवाकडी असते. आताची सपाट आणि एकसारखी गोल. तुमच्याकडे दोन्ही आहेत, म्हणजे डागडुजी झाली आहे. किती दिलेत ते लिहिलं नाहीत, तेही बरंच झालं.

प्रश्न : अशा वस्तू धुवायच्या कशा? — दोघीतिघींचा

उत्तर : धुवायच्याच नाहीत. हौसेने मी एकदा रिठ्याच्या पाण्यात एक बटवा बुडवला. आतला पुठ्ठा फुगला, अस्तराचा लाल रंग मखमलीवर उतरला, आणि तो बटवा मी आजही कोणाला दाखवत नाही. लिंबू, चिंच, टूथपेस्ट जरीला लावू नका. मऊ ब्रशने धूळ झटका, आत जुन्या मलमलीचा बोळा भरा म्हणजे घडीवर जर तुटत नाही, आणि धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी नको, पुण्याच्या पावसाळ्यात तर मुळीच नको. पाऊस संपला की एकदा उघडून हवा लागू द्या, पण सावलीत. ऑक्टोबरच्या उन्हात मखमल विटते.