बारावीनंतर बायोमेडिकल इंजिनिअरिंग घ्यावं का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा की बारावी झाली, मॅथ्सबरोबर बायोही होतं, नीटला मेडिकल मिळेल एवढे मार्क आले नाहीत पण सीईटीचं पर्सेंटाईल बरं आहे, तुला बायोमेडिकल करावंसं वाटतंय आणि बाबा म्हणतायत कॉम्प्युटर घे, नाहीतर आयुष्यभर हॉस्पिटलात मशिनी दुरुस्त करत बसशील. राहायला सिंहगड रोडला. धाकट्या बहिणीएवढी असशील म्हणून अगंतुगंच करते.

मी बायोमेडिकलच केलंय, म्हणजे हॉस्पिटलातली उपकरणं बनवायची आणि सांभाळायची इंजिनिअरिंगची ब्रँच. आम्ही पुण्याचेच, पण डिग्रीसाठी मी मुंबईला गेले कारण मुंबई युनिव्हर्सिटीत ही ब्रँच जुनी. नंतर पुण्यात परत येऊन एका मोठ्या हॉस्पिटलच्या बायोमेडिकल डिपार्टमेंटला अडीच वर्षं काढली आणि आता पेशंट मॉनिटर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे.

पहिलं सांगते, नीट हुकली म्हणून बायोमेडिकल, एवढंच कारण असेल तर थांब आणि परत विचार कर. आमच्या वर्गात असे बरेच जण होते, त्यांना वाटलेलं हार्ट, किडनी, ब्रेन शिकवतील, आणि सेकंड इयरला समोर आलं नेटवर्क ॲनालिसिस, सिग्नल्स अँड सिस्टिम्स आणि लाप्लास ट्रान्सफॉर्म. ॲनाटॉमी-फिजिऑलॉजी असतं, छान असतं, पण पेपर एखाद-दोनच. बाकी सगळं इलेक्ट्रॉनिक्स, थोडं प्रोग्रॅमिंग, मेडिकल इमेजिंग, बायोमटेरियल, बायोमेकॅनिक्स. ॲडमिशनला सुद्धा मॅथ्स-फिजिक्स बघतात, बायो नसलेली मुलंही घेतात. म्हणजे तुला मॅथ्सचा कंटाळा असेल आणि बायो आवडतं म्हणून येत असशील तर त्रास होईल, खरंच होईल.

पण मॅथ्स जमत असेल आणि शरीराचंही कुतूहल असेल तर या ब्रँचमध्ये जे मिळतं ते मला तरी दुसरीकडे मिळालं नसतं, ते कसं ते सांगते.

थर्ड इयरला आम्ही चौघींनी ईसीजीचं सर्किट केलं. हृदयाचा सिग्नल कातडीवर येईपर्यंत साधारण १ मिलिव्होल्टचा उरतो, म्हणजे घड्याळाच्या सेलचे दीड व्होल्ट असतात ना, त्याच्या दीड हजाराव्या हिश्शाएवढा, आणि आपलं शरीर मात्र खोलीतल्या वायरिंगमधून ५० हर्ट्झ, म्हणजे मेन्सच्या, प्लगमधल्या विजेची सेकंदाला ५० वेळा होणारी थरथर, ओढून घेत असतं, त्यामुळे खरा सिग्नल त्या गोंगाटात पार बुडून जातो. यावर उपाय म्हणजे इन्स्ट्रुमेंटेशन ॲम्प्लिफायर, दोन्ही हातांवर जे सारखं येतंय ते वजा करायचं आणि जो फरक आहे तेवढाच मोठा करायचा. आम्ही एडी६२० नावाची त्याची चिप वापरली होती, तिला एक रेझिस्टर लावला की गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होणार, ते ठरतं. सुट्टीत घरी आले की बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन सामान घेऊन जायचे. सर्किट ब्रेडबोर्डवर, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर, कारण माणसाला जोडायचं घरगुती सर्किट मेन्सवर चालवायचं नाही हे सरांनी पहिल्याच दिवशी दरडावून सांगितलेलं. आणि सीआरओवर, म्हणजे सिग्नलची रेघ दाखवणाऱ्या स्क्रीनवर, दिसायचं काय तर नुसता जाड पट्टा, ५० हर्ट्झ. तीन दिवस तेच. मग सरांनी पायाचं इलेक्ट्रोड नुसतं ग्राउंडला लावण्याऐवजी अंगावर आलेला गोंगाट उलटा करून त्याच उजव्या पायातून परत द्यायला लावला, राइट लेग ड्राइव्ह म्हणतात त्याला, आणि तो पट्टा बारीक बारीक होत गेला आणि त्यातून आमच्या मैत्रिणीच्या हृदयाचे ठोके वर आले, आधी छोटासा पी, मग उंच क्यूआरएस, मग गोल टी. या लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही नावं देणाऱ्या आइन्थोव्हेनला १९२४ चं नोबेल मिळालं हे मी पाठ केलेलं होतं, पण त्या संध्याकाळी लॅब बंद करायला आलेले मामा पण दोन मिनिटं उभे राहून बघत होते. मी नंतर इतक्या मशिनी बघितल्या पण तो स्क्रीन विसरले नाही.

आता याचंच पुढचं. हॉस्पिटलात लागून चारेक महिने झाले असतील, नाइट होती, पावणेदोनला आयसीयूतून फोन, मॅडम सात नंबर बेडचा मॉनिटर खराब झालाय, ईसीजी नुसता थरथरतोय आणि डॉक्टर चिडलेत. गेले. केबल बदलली, मॉड्यूल बदललं, शेवटी दुसरा मॉनिटर ओढत आणून लावला तरी थरथर तीच. माझ्या डोक्यात बोर्ड, अर्थिंग, शेजारचा व्हेंटिलेटर. तिथल्या एक वयस्कर सिस्टर होत्या, त्या बराच वेळ बघत होत्या, मग पुढे आल्या, पेशंटच्या छातीवरचं एक इलेक्ट्रोड काढून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "हे हात लावून बघा, कोरडं आहे." त्यातलं जेल वाळून खडखडीत झालेलं, पाकीट दोन दिवस उघडंच राहिलं होतं. जेल वाळलं की कातडी आणि इलेक्ट्रोड यांच्यामधला विजेला होणारा विरोध वाढतो, तोही प्रत्येक इलेक्ट्रोडला वेगवेगळा, मग ती वजाबाकी नीट होत नाही आणि तोच ५० हर्ट्झ आत शिरतो ज्याच्याशी आम्ही कॉलेजात तीन दिवस भांडलो होतो! नवीन पाकीट फोडलं, कातडी पुसून कोरडी केली, इलेक्ट्रोड लावले, रेघ स्वच्छ.

त्या सिस्टरना कॉमन मोड रिजेक्शन, म्हणजे ती सारखं-ते-वजा करायची युक्ती, माहीत नव्हतं आणि मला पाकीट उघडं राहतं हे माहीत नव्हतं. मला वाटतं आपल्या ब्रँचचं काम नेमकं या दोघींच्या मध्ये उभं राहायचं आहे, आणि ते काम कोणीतरी शिकून केलं पाहिजे. आता कंपनीत मॉनिटरवर मेसेज काय दाखवायचा यावर मीटिंगा होतात तेव्हा आमचे सॉफ्टवेअरवाले लिहितात 'सिग्नल नॉइझी'. चूक नाहीये ते, पण रात्री दोनला बारा पेशंट बघणारी सिस्टर ते वाचून काय करणार? मी भांडून ते 'इलेक्ट्रोड तपासा' असं करून घेतलं, आणि कुठला इलेक्ट्रोड तेही दाखवायचं. कॉम्प्युटरवाल्या मुलांमध्ये हुशारीची कमी नाही, पण ती आयसीयूत उभी राहिलेली नसतात.

बाबा म्हणतात ते अर्धं खरं आहे. मी मशिनी दुरुस्त केल्या आणि मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. सकाळी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, सुरू व्हायच्या आधी कॉटरी, म्हणजे विजेने कापायचं-रक्त थांबवायचं मशिन, आणि ॲनेस्थेशिया मशिन तपासायची, हृदयाला शॉक देणारा डिफिब्रिलेटर ॲनालायझरवर २०० जूल मारून खरंच तेवढेच बाहेर येतात का बघायचं, सिरिंज पंपाचा फ्लो मोजायचा, लीकेज करंट, म्हणजे उपकरणातून पेशंटकडे गळणारी वीज, मोजायचा. लीकेजचं एक सांगते कारण त्यावरून या कामाचं वजन कळेल, ज्या उपकरणाचा भाग थेट हृदयाला लागणार असतो त्यातून नेहमीच्या चालू अवस्थेत १० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त गळती चालत नाही. त्याच्या काही पट करंटही हाताला जाणवणार नाही, पण हृदयापर्यंत वायर गेलेल्या माणसाला तो मारू शकतो. ते मोजून सही करणारी व्यक्ती मी होते. हां, आणि ओळखीतले लोक बायोमेडिकल म्हटलं की पिवळ्या पिशव्यांतला हॉस्पिटलचा कचरा समजतात किंवा बायोटेक समजतात, त्याची सवय करून घे.

आता खटकणारी बाजू, ती लपवत नाही. सिलॅबस एवढा पसरट आहे की चार वर्षांनी एक ना धड भाराभर चिंध्या अशी अवस्था होऊ शकते, सर्किट ईअँडटीसीवाल्यापेक्षा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमवाल्यापेक्षा, कमी येतं, कोडिंग कॉम्प्युटरवाल्यापेक्षा कमी, डिझाइन मेकॅनिकलवाल्यापेक्षा कमी. कॅम्पसला येणाऱ्या कंपन्या पण कमी आणि त्यातल्या बऱ्याच आयटीच्याच. माझा पहिला पगार हातात १७ हजार होता आणि त्याच वर्षी माझी शाळेतली मैत्रीण हिंजवडीला माझ्या दुपटीहून जास्त घेत होती, आईने तोंडाने काही म्हटलं नाही पण मला दिसायचं. म्हणून थर्ड इयर संपेपर्यंत एक काहीतरी खोलवर पकडावंच लागतं, एम्बेडेड म्हणजे उपकरणाच्या आतल्या चिपचं प्रोग्रॅमिंग म्हण, इमेज प्रोसेसिंग म्हण, इम्प्लांटचं मटेरियल म्हण. बाकीचं सगळं तोंडओळखीपुरतं राहिलं तरी चालेल.

एक दार असं आहे ज्याच्याबद्दल विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही, ते म्हणजे रेग्युलेटरी आणि क्वालिटी, उपकरण कायद्यात आणि दर्जात बसवायचं काम. आपल्याकडे मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ साली आले, १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले, धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे वर्ग पाडले, आणि आधी ठराविकच उपकरणांना असलेला कायदा १ एप्रिल २०२० पासून सगळ्याच उपकरणांना लागू केला. मग ऑक्टोबर २०२२ पासून ए-बीला आणि ऑक्टोबर २०२३ पासून सी-डीला लायसन्स सक्तीचं झालं. म्हणजे जो माणूस वर्षानुवर्षं भोसरीत शेडमध्ये सक्शन मशिन बनवत होता त्याला आता आयएसओ १३४८५ या मेडिकल उपकरणांच्या क्वालिटीच्या स्टँडर्डप्रमाणे कागद ठेवावे लागतात, काय बिघडू शकतं आणि बिघडलं तर पेशंटचं काय होईल याची फाइल करावी लागते, आणि हे लिहायला मशिन आणि पेशंट दोन्ही समजणारं माणूस लागतं. माझी एक बॅचमेट यातच आहे, आमच्यात सगळ्यात चांगला पगार तिचा.

पुणं सोडायचं नसेल तर मुंबई किंवा बाहेर जायचा हट्ट धरू नको. इथे ईअँडटीसी किंवा इन्स्ट्रुमेंटेशन चांगल्या कॉलेजात मिळत असेल तर ते घे आणि बायोमेडिकल एमटेकला कर, हा रस्ता मला खरं तर जास्त आवडतो कारण पाया पक्का होतो. एमटेकच्या प्रवेशाची जी गेट परीक्षा, तिला बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर २०२० पासून आहे. आयआयटी मद्रास, वेल्लोरचं सीएमसी हॉस्पिटल आणि त्रिवेंद्रमची श्रीचित्रा संस्था मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचा एमटेक चालवतात, त्यात हॉस्पिटलमध्ये राहून शिकावं लागतं. श्रीचित्रा म्हणजे जिथे आपल्या देशातली हृदयाची कृत्रिम झडप तयार झाली आणि १९९० च्या डिसेंबरात पहिल्यांदा पेशंटला बसवली. बीटेकलाच हवं असेल आणि जेईई दिली असशील तर एनआयटी रुरकेला, एनआयटी रायपूर, आयआयटी हैदराबाद इथे आहे.

आणि पुण्यात राहून करण्यासारखं पण बरंच आहे गं. आयआयटी मुंबईत बेटिक नावाचं मेडिकल उपकरणांचं केंद्र २०१४ ला सुरू झालं, त्याची शाखा पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजात काढली होती, डॉक्टर आणि इंजिनिअर एका टेबलावर बसवतात. पाषाणला एनसीएल या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात व्हेंचर सेंटर आहे, उपकरणं बनवणारे छोटे स्टार्टअप तिथे बसतात. जीवट्रॉनिक्स ही पुण्यातलीच कंपनी, त्यांनी वीज नसली तरी हाताने दांडा फिरवून चार्ज होणारा डिफिब्रिलेटर बनवला. लोडशेडिंगच्या गावातल्या दवाखान्यात बसून विचार केल्याशिवाय असं काही सुचत नाही.

शेवटचं एक काम सांगते, ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी कर. तुमच्या ओळखीचं कोणी कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात असेल, नर्स असो, लॅबमधलं असो, त्यांच्याकडून बायोमेडिकल डिपार्टमेंटमध्ये तासभर बसायची परवानगी काढ. डिपार्टमेंट बहुतेक बेसमेंटला असतं, उघडलेल्या मॉनिटरचा ढीग दिसला की समज आलं. बाबांनाही घेऊन जा. जाताना सकाळी अकरानंतर जा, त्याआधी सगळे ओटीच्या कॉलवर असतात, कोणी भेटणार नाही.