घराचं विचारलं तर शाळेला काय वाटेल?

परदेशात शिकवायला निघालेल्या शिक्षिका माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा त्यांना वर्गाची भीती नसते. त्यांना घोर असतो तो पहिला पगार होईपर्यंत राहायचं कुठे आणि त्यासाठी पैसा कुठून उभा करायचा, याचा. वडोदऱ्यातून आखातात जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीकडून हे ऐकलं आहे, म्हणून मांजलपूरच्या एका शिक्षिकेची गोष्ट तिच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ३४, विषय गणित. नवरा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नोकरीला, मुलगा तिसरीत. दुबईतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळेचं ऑफर लेटर आलेलं. पगाराशिवाय महिना २,५०० दिरहम घरभाडं भत्ता. आधी तिने एकटीने जायचं आणि घर लागलं की बाकीच्यांनी, असं ठरलं होतं. घरात आनंदच होता. पण सासूबाईंनी पाटल्या काढून दिल्या, सासरे एफडी मोडायला निघाले आणि हिची झोप उडाली. "ताई, मी कमवायला चालले आहे की सगळ्यांना कर्जात घालायला?" असं म्हणून ती रडायला लागली.

मी तिला रडू दिलं. मग कागद पुढे केला. अशा वेळी नुसता धीर देऊन भागत नाही, असं माझं ठाम मत आहे. आकडा दिसत नाही तोवर भीती वाढतच जाते.

तिचा हिशोब सरळ होता : भत्ता २,५००, भाडं त्याच्या आसपास, म्हणजे भागेल. पण दुबईत भाडं सहसा आपल्यासारखं दर महिन्याला देत नाहीत. करार बहुधा वर्षाचा असतो आणि भाडं एक, दोन, चार अशा मोजक्या चेकने आगाऊ द्यायचं असतं. तिने पाहिलेल्या लहानशा स्टुडिओचं, म्हणजे एका खोलीच्या फ्लॅटचं, वर्षाचं भाडं ४०,००० दिरहम होतं. चार चेक धरले तरी पहिला १०,००० चा. शिवाय विनाफर्निचर घराला पाच टक्के डिपॉझिट म्हणजे २,०००, दलालाचे साधारण पाच टक्के म्हणजे आणखी २,००० आणि फ्लॅटच्या वीजपाण्याचं डिपॉझिट २,०००. गादी आणि शेगडी यायच्या आधीच १६,००० दिरहम झाले. दिरहमला २३ रुपये धरले तर ३,६८,००० रुपये. आणि तिच्या खात्यात होते लाख-सव्वा लाख.

यात आणखी एक गाठ आहे. चेकबुकासाठी तिथलं बँक खातं लागतं, खात्यासाठी एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथलं सरकारी ओळखपत्र, लागतं, आणि ते उतरल्या दिवशी हातात पडत नाही. म्हणजे पैसे असले तरी पहिले काही आठवडे स्वतःच्या नावावर घर घेणं अवघडच. भत्ता दरमहा मिळणार आणि भाडं मात्र तीन-तीन महिन्यांचं एकदम जाणार. तिला घाबरवत होती ती ही मधली फट. तिचं नियोजन चुकलेलं नव्हतं.

मी विचारलं, "हे शाळेला विचारलंस?" ती गप्प. मग म्हणाली, "आधीच घर, अ‍ॅडव्हान्स असं विचारलं तर त्यांना वाटेल हिला फक्त पैसाच दिसतो."

आमचं काम खरं तर इथेच होतं. शिक्षकाने पैशाचं बोलू नये, हे आपल्या घरांत लहानपणापासून मुरलेलं असतं. मुलींना तर दुप्पट. शाळेला एक साधा मेल करण्यापेक्षा सासूच्या पाटल्या गहाण टाकणं तिला सोपं वाटत होतं! मला याचं फार वाईट वाटतं, कारण परदेशातून माणसं बोलावणाऱ्या शाळांना हे प्रश्न नवे नसतात.

मेल आम्ही मिळून लिहिला. पहिल्या महिन्यात राहायची सोय आहे का? भत्ता काही महिन्यांचा एकदम मिळेल का, आणि मिळाला तर पगारातून कसा कापाल? तिकीट कोणाचं? वर्षाच्या आत नोकरी सोडली तर काय परत करावं लागेल? उत्तरं लेखी मागितली, आणि इथल्या शाळेचा राजीनामा उत्तरं येईपर्यंत थांबवला.

तेवढ्यात तिच्या भरती एजंटचं कळलं. 'व्हिसा प्रोसेसिंग'चे दीड लाख मागत होता. संयुक्त अरब अमिरातीच्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च नोकरी देणाऱ्याने करायचा असतो, कामगाराकडून घ्यायचा नसतो. आपल्याकडेही नोंदणीकृत एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढीच फी घेता येते. ई-मायग्रेट या परदेशी नोकरीसाठीच्या भारत सरकारच्या पोर्टलवर त्याची नोंदणी शोधली, सापडली नाही. नवऱ्याने त्याच संध्याकाळी व्यवहार थांबवला.

शाळेचं उत्तर आठवड्याभरात आलं. पहिला महिना दुसऱ्या शिक्षिकेबरोबर शाळेच्या फ्लॅटमध्ये, तिकीट शाळेचं, आणि हजर झाल्यावर तीन महिन्यांचा भत्ता आगाऊ. डिपॉझिटला मदत नाही. सगळं मिळालं नाही, पण ७,५०० दिरहम तरी पहिल्याच महिन्यात हातात येणार होते.

मग घरच्यांना एकत्र बसवलं. एफडीला हात लावायचा नाही, असं ठरलं. पाटल्या परत घेताना सासूबाई नाराज झाल्या. मदत नाकारली, असं त्यांना वाटलं. त्यावर मी त्यांना मोकळेपणाने सांगितलं, की नातवाचं जेवणखाण आणि शाळा वर्षभर तुमच्याच हातात आहे. त्याशिवाय हिला जाताच येणार नाही. हे त्यांना पटलं.

डिग्रीवर राज्य, परराष्ट्र मंत्रालय आणि दूतावास यांचे शिक्के मारून घेण्यात काही आठवडे गेले. तो खर्च तिने स्वतःच्या बचतीतून केला. मार्चअखेर ती गेली. शाळेच्या फ्लॅटमधून निघाल्यावर तिने एकटीसाठी स्टुडिओ घेतलाच नाही. एका सहकारी शिक्षिकेबरोबर घर वाटून घेतलं आहे आणि भत्त्यातून उरणारे पैसे डिपॉझिटसाठी वेगळे ठेवते आहे. मुलाची इथली वार्षिक परीक्षा झाली की तो आणि नवरा तिकडे जातील. कुटुंबाच्या घराचा पहिला चेक तेव्हाच लिहायचा आहे.