गेममधलं पैशाचं झाड आणि क्विझमधला मनी ट्री यांत फरक काय? हातातली रक्कम घेऊन कधी थांबावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. खाली तपशिलात एक ओळ जोडली आहे, की मध्येच बँक करणारे, म्हणजे जमलेली रक्कम राखून ठेवणारे लोक भित्रे असतात आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांचं नुकसान होतं. त्या ओळीमुळेच उत्तर लिहायला बसले.

नावाचं आधी उरकते. ‘ॲनिमल क्रॉसिंग’ या व्हिडिओ गेममध्ये खरंच झाड उगवतं. बेटावर रोज एका ठिकाणी जमीन चमकते, तिथे खणलं की १,००० बेल्स (गेममधले पैसे) मिळतात आणि त्याच खड्ड्यात आपल्या बेल्स पुरल्या की काही दिवसांनी फांद्यांना तीन थैल्या लटकतात. झाड हलवायचं, थैल्या उचलायच्या; नंतर ते साधं झाड होऊन राहतं. क्विझमधला मनी ट्री म्हणजे पडद्यावरची रकमांची शिडी. दोन्हींत समान गोष्ट एकच: किती लावायचं आणि कधी तोडायचं हे तुम्ही ठरवता.

आता बँकेचं.

२००२ चा गणेशोत्सव, सांगली. ‘कौन बनेगा करोडपती’ येऊन दोन वर्षं झाली होती, आणि स्टार प्लसवर नीना गुप्तांचं ‘कमजोर कडी कौन’ लागून गेलं होतं. आमच्या गल्लीच्या मंडळानं ‘कमजोर कडी’च्या धर्तीवर स्पर्धा ठेवली. तो मुळातला बीबीसीचा कार्यक्रम. मंडळातल्या एकाचा भाऊ तेव्हा इंग्लंडात होता, त्याच्याकडून तिथली शिडी मागवली, पौंडांचे रुपये केले आणि आकडे निम्मे केले: १०, २५, ५०, १००, १५०, २२५, ३००, ४००, ५००. नऊ बरोबर उत्तरं ओळीनं आली तर ५००. एक चुकलं की साखळी शून्यावर. आपल्या पाळीला, प्रश्न वाचण्याआधी ‘बँक’ म्हटलं तर जमलेली रक्कम सुरक्षित, पण साखळी पुन्हा पहिल्या पायरीपासून. वेळ संपेपर्यंत बँक न केलेले पैसे गेले. फेरी संपली की सगळ्यांनी पाटीवर एकेक नाव लिहून एकाला बाहेर काढायचं.

पहिल्या फेरीत २० प्रश्न झाले, १४ बरोबर आले. हे आकडे मला पाठ आहेत, कारण गुण मांडणारी माझी मैत्रीण होती आणि तो कागद अजून माझ्याकडे आहे. दुसऱ्या फेरीत आठ जण उरलो. पहिला माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा. मी पाचवी. पहिले चौघे बरोबर आले, साखळीत १०० रुपये झाले. माझी पाळी आली आणि मी ‘बँक’ म्हणाले. मांडवात मागून कुणीतरी हुर्यो केली. माझं उत्तर बरोबर आलं, पुढच्या तिघांचीही आली. पुन्हा १०० झाले आणि पाळी फिरून दादाकडे गेली. तो बँक म्हणाला नाही. पुढच्या प्रश्नाला चुकला. साखळी तुटली.

फेरी संपल्यावर आठपैकी पाच पाट्यांवर माझं नाव होतं. दोन्ही फेऱ्यांत माझं एकही उत्तर चुकलं नव्हतं. पाचांतली एक पाटी दादाची होती.

पुढे दादा स्पर्धा जिंकला, ५२५ रुपये मिळाले. तेव्हापासून प्रत्येक लग्नात, प्रत्येक दिवाळीत एकच वाक्य: “हिनं बँक म्हटलं नसतं तर माझ्या पाळीला ४०० असते, ८२५ झाले असते.” घरातल्या सगळ्यांना ते पटलेलं. मलाही बरीच वर्षं वाटायचं, की मी घाबरले असेन.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये दादाच्या लेकीनं तो ‘ॲनिमल क्रॉसिंग’ गेम धरला. आठवीत होती. एक दिवस तिचा फोन: “आत्या, बाबा म्हणाले सगळे पूर.” तिनं ९९,००० बेल्स पुरल्या होत्या आणि झाडाला आले ३०,०००. पोरगी रडत होती. तिच्यासाठी मी गेमचा नियम शोधला. १०,००० पर्यंत पुरलं तर तिप्पट नक्की मिळतात. त्याच्या वर गेलात तर दहापैकी तीन वेळा तिप्पट, उरलेल्या सात वेळा फक्त ३०,०००, मग कितीही पुरा. ९९,००० पुरून सरासरी परत येतात १,१०,१००, म्हणजे निव्वळ फायदा ११,१००. आणि १०,००० पुरून खात्रीचा फायदा २०,०००. जास्त जोखीम घेऊन कमी मिळतं. दादाचा स्वभाव त्या झाडात अगदी जसाच्या तसा उतरला होता.

त्या रात्री मी मंडळाचा कागद काढला आणि आमच्या शिडीचा हिशेब मांडला. कठीण नाही. एका साखळीतून सरासरी किती पैसे बँकेत जातात आणि त्यासाठी सरासरी किती प्रश्न खर्च होतात, एवढं काढून भागाकार करायचा. प्रत्येक उत्तर बरोबर यायची शक्यता आमच्या पहिल्या फेरीसारखी दहात सात धरली, तर चौथ्या पायरीवर बँक करणाऱ्या गटाला दर प्रश्नामागे साधारण साडेनऊ रुपये पडतात. लगेच पहिल्याच पायरीवर बँक केली तर ७. आठव्या पायरीपर्यंत ताणलं तर ७ रुपये ३४ पैसे, शेवटच्या ५०० पर्यंत गेलं तर ६ रुपये ३१ पैसे. नऊही पायऱ्यांचा हिशेब केला, सगळ्यांत वर चौथी. मी बँक केली ती चौथ्या पायरीवर.

गट बदलला की उत्तर बदलतं, हेही सांगते. निम्मीच उत्तरं बरोबर येत असतील तर पहिल्याच पायरीला बँक करावी, लोकांनी काहीही ओरडू दे. दहात आठ येत असतील तर सहाव्या पायरीपर्यंत थांबायला हरकत नाही. म्हणून ‘बँक करणारे भित्रे’ हे तुमचं वाक्य मला चुकीचं आणि अन्यायाचं वाटतं. पायरी कुठली आणि गट कसा, हे पाहिल्याशिवाय कुणाला भित्रं म्हणू नये.

करोडपतीसारख्या कार्यक्रमात मात्र हा हिशेब चालत नाही आणि लोक दोन्हींची सरमिसळ करतात. तिथे प्रश्न आणि चारही पर्याय समोर दिसतात, मग खेळायचं की सोडायचं ते ठरवता येतं. कमजोर कडीत आंधळेपणानं ठरवावं लागतं. पहिल्या पर्वाच्या शिडीत ५० लाख हातात असताना १ कोटीचं उत्तर चुकलं तर ३ लाख २० हजारांवर घसरण. सरासरीनं पाहिलं तर उत्तराची खात्री साधारण ४८ टक्क्यांच्या वर असेल तरच खेळणं फायद्याचं. पण सरासरी हा शंभर वेळा खेळणाऱ्याचा हिशेब आहे आणि त्या खुर्चीत माणूस आयुष्यात एकदा बसतो. अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत खिचडी शिजवायच्या. २०१९ मध्ये त्यांनी १ कोटी जिंकले आणि ७ कोटींच्या प्रश्नाला खेळ सोडला. नुसती सरासरी धरली तर डोळे मिटून चारांपैकी एक पर्याय सांगणंही कागदावर फायद्याचं निघतं, कारण ७ कोटींचा चौथा भाग पावणेदोन कोटी होतो. तरी त्यांनी केलं तेच शहाणपणाचं होतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्यांना कुणी पळपुटी म्हटलं नाही, सगळ्या महाराष्ट्रानं कौतुक केलं. आमच्या मांडवात एका पोरीनं १०० रुपये राखले तर हुर्यो झाली.

तुम्ही खरंच अशा कार्यक्रमाला जाणार असाल तर टीव्हीवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर आणि वर उपकर कापला जातो, हे धरूनच रकमा पाहा. इतर उत्पन्नासारखी मूळ सूट त्यावर मिळत नाही. मोठ्या रकमेला अधिभारही लागतो, तेवढं सीएला विचारून घ्या.

माझ्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नाही, की सगळे खेळाडू सारखे नसतात. तुमच्यानंतर गटातला सगळ्यांत हुशार उभा असेल तर एखादी पायरी जास्त थांबता येईल. आणि वेळ संपत आली असेल तर जेवढं असेल तेवढं आधी बँकेत टाका, तिथे पायरी बघू नका.

हिशेबाचा फोटो मी त्याच रात्री घरच्या ग्रुपवर टाकला होता. वहिनीनं “बरोबर आहे ग” लिहिलं. दादानं नुसता अंगठा पाठवला आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच वाक्य.

तर दादा, तू इथली उत्तरं वाचतोस हे मला माहीत आहे. ४०० असते तर मी बँक केली असती, असं तू म्हणतोस. त्या दिवसाचा कागद बघ. दोन्ही फेऱ्यांत तुझ्या नावापुढे बँकेची एकही खूण नाही. १०० असताना तू बँक म्हणाला नाहीस आणि पुढचाच प्रश्न चुकलास. माझी बँक नसती तर त्या चुकीत माझे १०० सुद्धा बुडाले असते, आणि तुझ्या ५२५ मध्ये ते १०० आहेत. पैशांचं मला काही नाही. त्या पाटीवर तू माझं नाव लिहिलंस, ते मला अजून खुपतं.