गव्हर्नर बिघडलाय, की कार्बोरेटर?

प्रश्न (गुहागर): होमस्टेच्या अंगणातल्या हिरवळीसाठी फोर-स्ट्रोक पेट्रोल मोवर आहे. पावसाळाभर तो पडवीत पडून होता. दिवाळीनंतर चालू केला, तर मोकळा असताना इंजिन एका लयीत चढतं-उतरतं. गवतात घातलं की बरंचसं सरळ चालतं. मेकॅनिक म्हणतो, गव्हर्नर (इंजिनाची गती आपोआप सांभाळणारा भाग) गेला, इंजिन खोलावं लागेल. खोलू का?

उत्तर: आत्ता नको. मोकळं असताना झोके आणि लोडवर ठीक, हे लक्षण गव्हर्नरपेक्षा कार्बोरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे, बोट दाखवतं. मोकळ्या इंजिनाला इंधन थोडं लागतं, म्हणून गव्हर्नर बटरफ्लाय (कार्बोरेटरमधली थ्रॉटलची झडप) जवळजवळ मिटून ठेवतो आणि इंजिन मुख्यतः पायलट जेटवर, म्हणजे थोडंच पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या जेटवर, चालतं. त्या जेटचं भोक इतकं बारीक, की टाकीत राहिलेल्या पेट्रोलचा चिकटा त्याला सहज बुजवतो. शिवाय हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! इंधन कमी पडलं की गती पडते, गव्हर्नर बटरफ्लाय उघडतो, मेन जेटमधून पेट्रोल येतं, गती उसळते, गव्हर्नर पुन्हा मिटवतो. गव्हर्नर इथे आपलं कामच करतोय.

खात्री करून घ्या. इंजिन तापल्यावर चोक अर्धा ओढा. झोके थांबले, तर मिश्रणात हवा जास्त आहे: जेट तुंबलाय, किंवा कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधल्या गॅस्केटमधून हवा शिरतेय. दुसरी चाचणी दोघांनी करावी. एकाने हँडलवरची सुरक्षा-दांडी दाबून धरायची (ती बांधून ठेवू नका), दुसऱ्याने पाय पात्याच्या डेकपासून लांब ठेवून, सायलेन्सरला हात न लावता कार्बोरेटरवरची थ्रॉटलची लिव्हर मध्यम गतीवर घट्ट स्थिर धरायची. तरीही झोके राहिले तर दोष इंधनाचा. थांबले तर गव्हर्नरच्या स्प्रिंग-दांड्यांकडे वळा.

जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका. कार्बोरेटरच्या तळाचा बाऊल (पेट्रोलची वाटी) उतरवा, दोन्ही जेट काढून कार्बोरेटर क्लीनरने धुवा आणि उजेडाकडे धरून भोक आरपार दिसतं का पाहा. अडलं असेल तर वायरमधली तांब्याची एकच बारीक तार घाला. सुई नको, पितळेचं भोक मोठं होतं आणि मग मिश्रण कधीच जुळत नाही. जोडताना गॅस्केट नवी घाला. पुढच्या वर्षी मे अखेरीस टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवूनच मोवर ठेवा.

प्रश्न (मालवण): चालू करताच इंजिन फुल रेसला जातं. लिव्हर स्लोवर आणली तरी उतरत नाही.

उत्तर: हे मात्र खरोखर गव्हर्नरचं दुखणं असू शकतं, आणि दुरुस्त होईपर्यंत मोवर वापरू नका. अशा छोट्या इंजिनांची कमाल गती साधारण मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या आसपास ठरवलेली असते. मोवरवर पात्यामुळे बहुधा त्याहून कमी. ती ओलांडली की कनेक्टिंग रॉड तुटून केसिंग फोडू शकतो.

प्लगची टोपी काढून ठेवा आणि मग तपासा. इंजिन बंद असताना लिव्हर फास्टवर ठेवली की बटरफ्लाय पूर्ण उघडा दिसतो. हे बरोबर आहे: स्प्रिंग उघडते, गव्हर्नर मिटवतो. अनेकजण इथेच फसून स्प्रिंग वाकवतात.

आता प्रकार ओळखा. ब्लोअर कव्हरखाली फ्लायव्हीलजवळ पातळ पट्टी असेल, तर तो हवेवरचा गव्हर्नर. कव्हर उघडून सुकं गवत, कुंभारणीचं मातीचं घर, जांभ्याची धूळ काढा. जाळी तुंबली की पट्टीला वारा मिळत नाही आणि इंजिन सुटतं. पट्टी बोटाने हलवून सोडली की न अडखळता परत आली पाहिजे.

पट्टी नसून क्रँककेसमधून दांडा बाहेर आला असेल, तर आत गिअर आणि वजनं आहेत. खाऱ्या वाऱ्याने गंजलेले सांधे आधी मोकळे करा. मग गव्हर्नरची लिव्हर (गती कमी-जास्त करायची नव्हे) दांड्याला धरणारा नट (बहुधा १० चा पाना) ढिला करा. बटरफ्लाय पूर्ण उघडेल अशी लिव्हर ढकलून धरा, लिव्हर ज्या दिशेला गेली त्याच दिशेला दांडा अडेपर्यंत फिरवा आणि तसाच धरून नट आवळा. दांडा कुठेच अडत नसेल, गरगर फिरत असेल, तर आतला भाग तुटलाय. अनेक उभ्या शाफ्टच्या इंजिनांत तोच गिअर ऑइलही उडवतो, म्हणून तसं इंजिन मिनिटभरही चालवू नका. इथे मात्र खोलावंच लागेल.

जोडणी नीट झाली की गती टॅकोमीटरने मोजा. प्लगच्या वायरवर गुंडाळायचा मीटर असेल, तर तो ‘एका फेऱ्याला एक स्पार्क’वर ठेवा. बहुतेक फोर-स्ट्रोक मोवरच्या मॅग्नेटोत दर फेऱ्याला स्पार्क पडतो. दोन फेऱ्यांच्या सेटिंगवर आकडा दुप्पट दिसेल आणि तुम्ही चांगलं इंजिन उगाच मंद कराल. स्प्रिंग बदलायची तर त्याच मॉडेलची घ्या आणि मूळ भोकातच अडकवा. पिव्होटच्या जवळचं भोक घेतलं की गव्हर्नर हळवा होऊन झोके सुरू होतात.

प्रश्न (दापोली): दाट गवतात इंजिन बसतं. गव्हर्नरच ना?

उत्तर: इंजिन बसत असताना एअर फिल्टरच्या बाजूची थ्रॉटलची दांडी पाहा. पूर्ण उघडी गेली, तर गव्हर्नरने हात दिलाय: पातं बोथट आहे, फिल्टर तुंबलाय किंवा गवत ओलं आहे. पातं धार लावून समतोल करा, कापणीची उंची एक खाच वाढवा. दांडी हललीच नाही, तर स्प्रिंग सैल आहे किंवा सांधा गंजलाय.