ओंडका एकाचा, लिव्हर दुसऱ्याचा?

प्रश्न : आमच्या वखारीत लाकूड फाडायचे हायड्रॉलिक यंत्र आहे. एक जण ओंडका धरतो, दुसरा लिव्हर ओढतो. बाभळीच्या गाठी पाचरीत अडकतात, आणि होजपाईपजवळ तेलाचा ओलावा दिसतो. काय करावे?

उत्तर : आधी ती जोडी मोडा. बोटे जातात ती बहुधा अशाच कामात, एकाचा इशारा दुसऱ्याला चुकीचा कळतो म्हणून. ओंडका ठेवणारानेच लिव्हर चालवावा, दुसऱ्याने लांब उभे राहावे. हात मोकळा ठेवायला लिव्हर दोरीने बांधून टाकतात, ते तर मुळीच नको. सोडल्यावर दट्ट्या (ओंडका आणि पाचर एकमेकांवर दाबणारा यंत्राचा दांडा) थांबलाच पाहिजे.

ओंडक्याची टोके काटकोनात कापा, तिरके टोक दाबाखाली सटकते. लाकडाच्या रेषा दट्ट्याच्या दिशेने ठेवा. आडवा ओंडका फुटून उडतो. गाठ अडकली तर दट्ट्या मागे घ्या, ओंडका फिरवून पुन्हा लावा. हातोडा मारू नका.

ओलाव्यावर मात्र हात फिरवू नका! दाब दीडशे-दोनशे बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा) असतो; सुईएवढ्या छिद्रातले तेल कातडीत घुसते. जखम टोचल्याएवढी दिसते, दुखतही नाही, पण आत पेशी मरतात. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा, नाहीतर बोट कापावे लागू शकते. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधा. पाइप बदलण्यापूर्वी इंजिन बंद करून लिव्हर दोन्हीकडे हलवा, म्हणजे उरलेला दाब उतरतो.