डाग पडलेलं डाळिंब

सोलापूर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

"सर, बॉटनी घेऊ की मायक्रो?" असं परवा तू विचारलंस आणि मी भलतंच काही बोलत राहिलो. तुझ्या हातात बागेतलं डाळिंब होतं, काळ्या डागांचं, मधोमध तडकलेलं. माझं सगळं लक्ष त्यातच अडकलं होतं. आज उत्तर लिहितो, तेही त्या डाळिंबावरूनच.

डाळिंबावर असे डाग पाडणारा तेल्या रोग म्हणजे काय, हे सांगोल्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. तो झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे होतो, हे सूक्ष्मजीवशास्त्रामुळे, म्हणजे तुझ्या ‘मायक्रो’मुळे कळलं. पण जिवाणू पानात शिरतो कुठून? पर्णरंध्रांतून आणि जखमांतून. म्हणजे पानाची रचना माहीत हवी, तिथे वनस्पतिशास्त्र आलं. पावसाचे थेंब उडून तो झाडाझाडांवर कसा पसरतो, ते वनस्पतिरोगशास्त्र सांगतं. तुझे बाबा फवारणीच्या वेळा सांभाळतात त्या त्याच्याच आधारावर. रोगाला दाद न देणारं वाण हवं, तर आनुवंशिकी लागते. आपल्या केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. ‘सोलापूर लाल’ हे जास्त लोह-जस्त असलेलं वाण तिथलंच. एका फळापायी किती शास्त्रं कामाला लागतात बघ.

प्राणिशास्त्राचंही तेच. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणून परिसंस्थाशास्त्र म्हणालं, गवताळ माळ राखा. ते बरोबरच होतं. पण या पक्ष्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि अंग जड, त्यामुळे विजेच्या तारा ऐनवेळी चुकवता येत नाहीत. नुसतं गवत राखून भागणार नाही, हे डोळ्यांच्या अभ्यासातून उमगलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

पेशीशास्त्र, जीवरसायनशास्त्र तुला शिकावंच लागेल, शाखा कुठलीही घे. आणि गणित सोडू नकोस. डीएनएची माहिती आता संगणकावरच चाळतात, जैवमाहितीशास्त्र म्हणतात ते हेच.

माझं मत विचारशील, तर मायक्रो घे. डाळिंब दाखवताना तू झाडाबद्दल काही विचारलं नाहीस. "हे आलं कुठून?" एवढंच विचारलंस. नीटमध्ये नंबर लागला नाही म्हणून उरलेलं काहीतरी घेतेस, असं कुणी म्हणालं तर मनाला लावून घेऊ नकोस.

रविवारी घरी ये. डागाळलेली चार ताजी पानं कागदात गुंडाळून आण, वाटेत दुसऱ्या कुणाच्या बागेत मात्र ती नेऊ नकोस. डागाच्या कडेचा बारीक तुकडा कापून पाण्याच्या थेंबात ठेवू. मायक्रोस्कोपखाली कापलेल्या कडेतून जिवाणूंचा धुरकट लोट बाहेर पडताना दिसतो. पहिल्यांदा तो तूच बघ, मी मागे उभा राहीन.

तुझे,
सर