टेक्सासमध्ये वीज काही दिवसच गेली होती, मग 2021 मध्ये चिपा वर्षभर का मिळत नव्हत्या? फॅबमध्ये, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यात, जनरेटर नसतो का?

जनरेटर असतो, पण अख्खा कारखाना ओढायला नसतो. मोठ्या फॅबला 100 मेगावॉटच्या घरात वीज लागते. आमच्या नागपूरजवळच्या कोराडी वीजकेंद्रातल्या 660 मेगावॉटच्या एका संचाचा साधारण सातवा हिस्सा म्हणा. एवढी वीज डिझेलवर कोण काढणार? जनरेटरवर विषारी वायू बाहेर ओढणारे पंखे, आगीची यंत्रणा अशा गोष्टी चालतात. माणसं वाचतात, चालू काम वाचेलच असं नाही.

मी हिंगणा एमआयडीसीत शेतीपंपांचे कंट्रोल पॅनेल बनवतो. आमच्याकडे लाइन गेली की काम थांबतं, आली की तिथूनच पुढे सुरू. फॅबला ही सोय नाही. कोऱ्या वेफरवर, म्हणजे ज्यावर चिपा घडवतात त्या सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, शेकडो प्रक्रिया होतात, त्याला तीनेक महिने लागतात. मध्येच वीज गेली की भट्टीचं तापमान ढळतं, व्हॅक्यूम सुटतो, क्लीन रूममधली गाळलेली हवा थांबते. मग एकेक मशीन साफ करा, चाचणीचे वेफर घालून बघा, मापं जुळेपर्यंत पुन्हा तेच. जपानच्या योक्काइचीतल्या मेमरी चिपांच्या फॅबमध्ये जून 2019 मध्ये वीज गेली ती फक्त 13 मिनिटं. उत्पादन पूर्ववत व्हायला जुलैचा मध्य लागेल, असं तेव्हा सांगावं लागलं. तिथल्या भागीदार कंपन्यांपैकी एकट्या वेस्टर्न डिजिटलने सुमारे 6 एक्साबाइट (600 कोटी जीबी) मेमरीचा फटका जाहीर केला.

टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये तर फॅबना आधी कळवून काम बंद करायला लावलं होतं. 16 फेब्रुवारी 2021 ला, ग्रिडवर प्रचंड ताण असताना. तरी सॅमसंगचं काम सुरळीत व्हायला मार्च संपत आला आणि एनएक्सपी या चिप कंपनीचं साधारण महिनाभराचं उत्पादन बुडालं.

मात्र वर्षभराच्या टंचाईचं खापर एकट्या टेक्सासवर फोडू नका. गाडी कंपन्यांनी 2020 मध्ये ऑर्डरी कापल्या, ती क्षमता लॅपटॉप-फोनवाल्यांनी घेतली. त्यात 19 मार्च 2021 ला रेनेसास या चिप कंपनीच्या जपानमधल्या नाका कारखान्यात आग लागली. एनएक्सपी, इन्फिनिऑन, रेनेसास या तिघी गाड्यांच्या मायक्रोकंट्रोलरमधल्या (गाडीतले भाग चालवणाऱ्या चिपांमधल्या) मोठ्या कंपन्या, आणि तिघींनाही, पहिल्या दोघींना ऑस्टिनमध्येच, पाच आठवड्यांच्या आत फटका. तैवानला 2020 च्या हंगामात एकही वादळ धडकलं नाही, धरणं आटली, फॅबना टँकरने पाणी आणावं लागलं.

त्या टंचाईत आमच्यासारख्या छोट्यांना कुणी विचारत नव्हतं. खुल्या बाजारातून चिपा घ्याव्या लागल्या. त्यातल्या काहींवर अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवला की वरचा काळा थर निघायचा आणि खाली दुसराच नंबर दिसायचा. पुन्हा टंचाई आली आणि असा माल घ्यावाच लागला, तर बोर्डवर चढवण्याआधी प्रत्येक रीलमधल्या (चिपांच्या गुंडाळीतल्या) दोन-चार चिपा अशा पुसून बघाच. आणि बोर्डचं डिझाइन करतानाच दुसऱ्या कंपनीची चिप बसेल अशी जागा ठेवा. आम्ही आता प्रत्येक नव्या पॅनेलला ती ठेवतो.